पंचेचाळीस अंशांचा घोळ: भौतिकशास्त्राचा कॅल्क्युलेटर एजंटांना समजावून सांगताना

प्रश्न साधा होता. २० मीटर प्रति सेकंद वेगाने, जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून चेंडू मारला. हवेचा अडथळा धरायचा नाही. तो किती लांब पडेल? एआय एजंटने, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या भाषा-मॉडेलने, आमचं कॅल्क्युलेटर टूल वापरलं आणि ठामपणे सांगितलं, ३६.४६ मीटर. बरोबर उत्तर ४०.७९ मीटर आहे.

चार-सव्वाचार मीटरचा फरक. खटकावा एवढा तो नाही. मी स्वतः ते उत्तर वाचलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. थांबले ती दुसऱ्या दिवशी, तोच प्रश्न ३० अंश घालून विचारला तेव्हा. उत्तर आलं उणे १२.४३ मीटर. चेंडू मारणाऱ्याच्या पाठीमागे जाऊन पडला होता.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. पल्ल्याचं सूत्र सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं असतं: वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाचा साइन, भागिले गुरुत्वीय त्वरण. ४५ ची दुप्पट ९०. ९० अंशांचा साइन १ आणि ९० रेडियनचा साइन ०.८९४. आमच्या फंक्शनला, म्हणजे हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, कोन रेडियन या दुसऱ्या एककात हवा होता, एजंटने अंशांत दिला. ९० रेडियनचा साइन योगायोगाने एकाच्या इतका जवळ निघाला की उत्तर शहाण्यासारखं दिसलं. ६० रेडियनचा साइन मात्र उणे आहे, म्हणून ३० अंशांना पितळ उघडं पडलं. नमुन्यासाठी मी ४५ निवडला, कारण पाठ्यपुस्तकात तोच असतो. घोळ लपवायला याहून सोयीचा कोन शोधूनही सापडला नसता.

आता थोडी पार्श्वभूमी. हा कॅल्क्युलेटर आमच्या छोट्या गटातल्या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी विद्यार्थ्यांसाठी केलेला. एक साधं पान, त्यावर गती, ऊर्जा, उष्णता, वायू, वर्तुळाकार गती अशा विषयांची गणितं. विद्यार्थी आकडे भरणार, बटण दाबणार, खाली उत्तर आणि पायऱ्या दिसणार. त्याचं दस्तऐवजीकरण मीच लिहिलं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. प्रत्येक सूत्र कुठून येतं, आकृत्या, सोडवलेली उदाहरणं, सगळं होतं त्यात. पुढे एजंटांनाही हा कॅल्क्युलेटर वापरता यावा असं ठरलं. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही मॉडेलला बाहेरच्या टूलांशी जोडण्याची ठरलेली पद्धत अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, तेव्हापासून अशी जोडणी करणं फार अवघड राहिलेलं नाही. कोड सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने पानामागची फंक्शनं उचलली, प्रत्येकाला टूल केलं आणि वर्णनाच्या जागी कोडमधल्या टिपणी चिकटवल्या. 'दस्तऐवजीकरण तर आहेच' असं आम्ही तिघंही एकमेकांना म्हणालो.

होतंच. पण एजंटला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच्या हातात पडतं ते एवढंच: टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि आत काय काय द्यायचं याचा सांगाडा, म्हणजे जेसन स्कीमा. माझ्या आकृत्या नाहीत, पायऱ्या नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान नाही. पानावर कोनाच्या चौकटीशेजारी 'अंश' असं लिहिलेलं होतं. अंशांचे रेडियन करण्याचं काम पानातला कोड करत होता, फंक्शन नव्हे. आम्ही फंक्शन उचललं तेव्हा ती चौकट, तो शब्द आणि ते रूपांतर मागेच राहिलं. माणसांसाठीचं निम्मं दस्तऐवजीकरण पानाच्या मांडणीतच मुरलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता.

पल्ल्याच्या टूलचं मूळ वर्णन असं होतं (मूळ इंग्रजीत होतं, इथे सगळं मराठीत देते): 'प्रक्षेप्याचा पल्ला काढतं. व्ही: वेग. थीटा: कोन.' संपलं.

पहिली दुरुस्ती मी अर्ध्या मिनिटात केली. 'थीटा: कोन, रेडियनमध्ये द्या.' उणे पल्ले थांबले आणि मी खूश झाले. मग कॉलची नोंदवही, म्हणजे एजंटने टूलला दर वेळी काय पाठवलं आणि काय परत आलं त्याची नोंद, वाचायला बसले आणि खुशी उतरली. ३० अंशांच्या प्रश्नात एजंटने स्वतःच रूपांतर करून ०.५२ पाठवलं होतं. खरा आकडा ०.५२३६. उत्तर ३५.३२ ऐवजी ३५.१८ मीटर आलं. फरक किरकोळ आहे, पण जरा विचार करा: मॉडेलने मनातल्या मनात आकडेमोड करू नये म्हणून तर त्याच्या हाती कॅल्क्युलेटर दिला. आणि कॅल्क्युलेटरच्या दारात मीच त्याला आकडेमोड करायला लावत होते. कधी तो चार दशांश स्थळं घेई, कधी दोन. कोन साधा असेल तर निभावून जाई.

म्हणून टूलनेच अंश घ्यावेत असं मी सुचवलं. सरांना ते पटेना.

"अगं, साइनचं सगळं गणित रेडियनमध्येच नीट बसतं. फंक्शन अंशांत घ्यायचं म्हणजे गावठीपणा झाला."

"सर, फंक्शनच्या आत रेडियनच राहू द्या. पण प्रश्न विचारणारा अंशांत विचारतो. मधला माणूस भाषांतर करतोय आणि तिथेच सांडतंय."

"मग लिही ना तसं, ठळक अक्षरांत."

ठळक अक्षरं एजंटला दिसत नाहीत हे सांगून पाहिलं. शेवटी नोंदवहीतल्या त्या ०.५२ नेच सरांचं मन वळवलं. सूत्राच्या शुद्धतेवर ते तडजोड करत नाहीत, पण हरवलेले दशांश त्यांना त्याहून सहन होत नाहीत.

नवं वर्णन असं झालं:

'सपाट जमिनीवर फेकलेल्या वस्तूचा आडवा पल्ला मीटरमध्ये देतं. हवेचा अडथळा धरलेला नाही. वस्तू ज्या उंचीवरून सुटते त्याच उंचीवर पडते असं गृहीत आहे. छतावरून, कड्यावरून किंवा टेबलावरून फेकल्यास हे वापरू नका, त्यासाठी उंचीवरून_प्रक्षेपण आहे. वेग_मी_प्रति_से: सुटतानाचा वेग. कोन_अंश: आडव्या रेषेपासून वर मोजलेला कोन, अंशांत, ० ते ९०. प्रश्नात कोन रेडियनमध्ये असेल तर आधी कोन_बदल वापरा.'

यात सगळ्यात जास्त काम वर्णनातल्या वाक्यांनी केलेलं नाही, नावाने केलंय. 'थीटा'चं 'कोन_अंश' झालं आणि एकक नावातच जाऊन बसलं. वर्णन वाचायचं राहू शकतं, लांबलचक संवादात मागे पडू शकतं. आकडा भरायचा तर नाव लिहावंच लागतं आणि ते लिहिताना 'अंश' हा शब्द हाताखालून जातोच. तेव्हापासून माझा एक नियम झालाय: वर्णनात एखादी गोष्ट दोनदा बजावावीशी वाटली की ती वर्णनातून काढायची आणि नावात किंवा स्कीमात घालायची.

'छतावरून, कड्यावरून, टेबलावरून' हे शब्दही सहज आलेले नाहीत. आधी तिथे 'सुटण्याची आणि पडण्याची उंची समान असल्यास' एवढंच होतं, अगदी नेटकं. तरीही छतावरून फेकलेल्या चेंडूसाठी एजंट सपाट जमिनीचं सूत्र वापरत राहिला. प्रश्नात 'छत' होतं, वर्णनात 'समान उंची' होती, आणि या दोघांची गाठ पडत नव्हती. विचारणाऱ्याच्या तोंडचे शब्द वर्णनात आले तशी ती पडायला लागली. शास्त्रीय परिभाषेत अचूक लिहिण्याची माझी सवय इथे आड येत होती.

एक फट मात्र उरलीच होती. जुन्या सवयीने कुणी ०.७८५ पाठवलं तर? ते ० ते ९० मध्ये बसतं, म्हणजे स्कीमा अडवणार नाही. पल्ला येईल १.१२ मीटर. आता टूल उत्तराबरोबर स्वतः काय समजलं तेही परत सांगतं: 'कोन ०.७८५ अंश, वेग २० मीटर प्रति सेकंद, गुरुत्वीय त्वरण ९.८०६६५ धरून.' हे वाचून एजंट बहुधा स्वतःच दचकतो आणि कॉल सुधारून पुन्हा करतो.

परत येणाऱ्या उत्तराबद्दल इथेच सांगते. आधी टूल नुसता आकडा द्यायचं, ४०.७९. एकक नाही, काही नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताना हरवलं, ती गोष्ट एककांचा विषय निघाला की हमखास सांगितली जाते. पण त्यातली एक बाब सहसा राहून जाते: कागद बरोबर होता. दोन संगणकप्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या कागदात आवेग न्यूटन-सेकंदांत द्यायचा असंच लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे पाउंड-सेकंदांचे आले, म्हणजे सुमारे ४.४५ पटींचा फरक. आणि आकड्यांबरोबर एकक प्रवास करत नसल्याने घेणाऱ्या बाजूला काही कळलं नाही. एकक कागदात कितीही स्वच्छ लिहिलं तरी ते आकड्यापासून सुटं असेल तर त्याचा उपयोग एवढाच. आमच्या टूलच्या प्रत्येक उत्तरात आता मूल्य, एकक आणि गृहीतकं अशा तीन गोष्टी एकत्र जातात.

कोनाचं निस्तरलं आणि तापमानाने घात केला. हा भाग जरा लाजिरवाणा आहे, कारण इथे चूक दस्तऐवजाच्या उणिवेने झाली नाही, दस्तऐवजानेच केली.

वायूच्या टूलमध्ये एक मोल वायू, २४ लिटरचा डबा आणि २५ अंश सेल्सिअस असा प्रश्न होता. उत्तर यायला हवं सुमारे १,०३,२९० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या आसपास. आलं ८,६६१. एजंटने २५ तसेच पाठवले आणि टूलने ते केल्विन समजून घेतले. ही चूक निदान ओरडून सांगणारी होती. मी संपूर्ण टूलसंचाच्या डोक्यावर एक वाक्य टाकलं: 'सर्व तापमानं केल्विनमध्ये द्यावीत. सेल्सिअस असल्यास २७३.१५ मिळवा.' एक वाक्य, सगळीकडे लागू. लिहिताना मला ते सुबक वाटलं होतं.

एजंटने ते शब्दशः पाळलं. एक किलो पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढवायला किती उष्णता लागेल, या प्रश्नात त्याने १० मध्ये २७३.१५ मिळवले आणि २८३.१५ पाठवले. उत्तर ४१,८६० जूलऐवजी ११,८५,२६६ जूल. अठ्ठावीस पटींहून जास्त. तापमान वेगळं आणि तापमानातला फरक वेगळा. १० अंश सेल्सिअस म्हणजे २८३.१५ केल्विन, पण १० अंशांची वाढ म्हणजे १० केल्विनचीच वाढ, हे अकरावीतल्या मुलाला समजावून सांगावं लागतं. एजंटला ते ठाऊक होतं. नुसतं विचारलं तर तो फरक नीट सांगायचा. पण माझं वाक्य 'सर्व तापमानं' म्हणत होतं आणि त्या पॅरामीटरच्या, म्हणजे टूलमध्ये भरायच्या त्या चौकटीच्या, नावात तापमान होतं. माहिती आणि हुकूम यांच्यात तंटा झाला की हुकूम जिंकतो, असं मला त्या दिवशी दिसलं.

ते वरचं वाक्य काढून टाकलं. वायूच्या टूलला तापमान_सेल्सिअस असं नाव दिलं, रूपांतर आत होतं. उष्णतेचं टूल आता सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन तापमानं सेल्सिअसमध्ये घेतं आणि वजाबाकी स्वतः करतं. प्रश्नात नुसती वाढ दिली असेल तर 'सुरुवातीचं ० आणि शेवटचं वाढीइतकं द्या' असं लिहिलंय. हा जुगाड मला अजूनही खटकतो. चालतो मात्र बिनचूक.

तिसरं प्रकरण वेगळ्या जातीचं होतं, कारण तिथे टूलही बरोबर होतं आणि एजंटनेही सगळं नीट भरलं होतं. प्रश्न असा: प्रकाशाच्या वेगाच्या ०.९ पट वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा किती? टूलने वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं केलं आणि २०७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट दिले. सापेक्षतेच्या हिशेबाने खरं उत्तर ६६१ आहे. तिपटीहून जास्त. पानावर हे कधी घडलंच नव्हतं, कारण तिथे येणारा विद्यार्थी गाडी नाहीतर चेंडूच घेऊन यायचा. वर्णन म्हणत होतं 'गतिज ऊर्जा काढतं' आणि एजंटने त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याने तसं करायला नको होतं असं मला म्हणवत नाही.

टूल काय करतं ते सगळेच लिहितात. ते कुठवर खरं आहे, ही ओळ राहते. सरांना विचारलं की जुनं सूत्र कुठवर चालतं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या भागाला जुन्या सूत्राची चूक सुमारे पाऊण टक्का असते, त्यापुढे ती झपाट्याने वाढते. मर्यादा तिथेच ठरली, म्हणजे सुमारे ३ कोटी मीटर प्रति सेकंद. त्यावर वेग दिला तर टूल आता नकार देतं आणि सापेक्ष_गतिज_ऊर्जा या टूलचं नाव सांगतं. वर्णनात मर्यादा लिहिलेली आहेच, पण भरवसा नकारावर आहे.

गुरुत्वीय त्वरणावरून आमच्यात जे झालं त्याला चर्चा म्हणणं हा मोठेपणा होईल. प्रमाण मूल्य ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे १९०१ सालीच ठरलेलं आहे. सरांचा आग्रह तेच डीफॉल्ट, म्हणजे काही न दिल्यास आपोआप धरलं जाणारं मूल्य, ठेवण्याचा. पण पाठ्यपुस्तकातली कितीतरी गणितं '१० घ्या' म्हणतात आणि मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं ४० मीटर होतं. चंद्रावर फेकलं तर त्वरण १.६२ आणि पल्ला जवळपास २४७ मीटर. डीफॉल्ट काय ठेवायचं यापेक्षा डीफॉल्ट लागलं हे कळणं महत्त्वाचं, एवढ्यावर शेवटी मांडवली झाली. वर्णनात एक वाक्य आलं: 'प्रश्नात मूल्य दिलं असेल किंवा जागा पृथ्वी नसेल तर हे जरूर द्या, नाहीतर ९.८०६६५ धरलं जाईल.' उत्तराच्या गृहीतकांत तर ते दिसतंच.

वस्तुमानाच्या बाबतीत मात्र डीफॉल्ट काढूनच टाकलं. कुणीतरी कधीतरी सोयीसाठी ते १ किलो ठेवलं होतं. पानावर ते चौकटीत भरलेलं दिसायचं आणि विद्यार्थी बदलायचा. एजंटला ते दिसतच नव्हतं, त्यामुळे वस्तुमान न दिलेल्या प्रश्नालाही ऊर्जेचं ठाम उत्तर मिळायचं. आता तो पॅरामीटर अनिवार्य आहे आणि वर्णनात लिहिलंय, 'प्रश्नात नसेल तर अंदाजाने भरू नका, वापरणाऱ्याला विचारा.' हे वाक्य नसताना अनिवार्य चौकटीतही एजंट काहीतरी भरून मोकळा व्हायचा. रिकामी चौकट त्यालाही बघवत नाही.

चुकांच्या संदेशांचा किस्सा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. प्रश्न: चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तो २५ मीटर उंचीवर केव्हा पोहोचेल? पोहोचणारच नाही. त्या वेगाने तो जास्तीत जास्त २०.३९ मीटर वर जातो. सूत्रात ऋण संख्येचं वर्गमूळ येतं आणि आमचा कोड 'नॅन' म्हणजे 'संख्या नाही' असं मूल्य द्यायचा. पायथन भाषेचं जेसन मॉड्यूल (जेसन म्हणजे माहिती पाठवण्याची ठरलेली लिखित मांडणी) ते मूल्य निमूट लिहून टाकतं, पण जेसनच्या प्रमाणात तसं मूल्यच नाही. पलीकडच्या वाचकाने ते नाकारलं आणि एजंटला दिसलं ते 'टूल अयशस्वी' एवढंच. त्याने तेच आकडे पुन्हा पाठवले. पुन्हा. मग तिसऱ्यांदा. शेवटी टूलचा नाद सोडला आणि मनानेच एक वेळ सांगून टाकली, सेकंदांत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

चुकीचा संदेश हाही दस्तऐवजच असतो, आणि एजंट तो नेमका गरजेच्या क्षणी वाचतो. वर्णन वाचताना त्याच्यासमोर शंभर शक्यता असतात, संदेश वाचताना एकच. आधी आमच्याकडे 'अवैध इनपुट' हा एकच संदेश होता, सगळ्या दुखण्यांना एकच गोळी. आता मी त्याचे दोन प्रकार केले. इनपुट खरोखर चुकलं असेल, म्हणजे कोन १२० किंवा वस्तुमान उणे, तर एमसीपीत त्यासाठी असलेला चुकीचा झेंडा लावून काय चुकलं आणि काय चालेल ते सांगायचं. पण २५ मीटरचा प्रश्न ही चूकच नव्हे. तिथे निसर्गाचं उत्तर 'नाही' आहे आणि 'नाही' हे पूर्ण उत्तर आहे. आता टूल झेंडा न लावता सांगतं: 'ही उंची गाठली जात नाही. या वेगाने कमाल उंची २०.३९ मीटर. पुन्हा कॉल करण्याची गरज नाही, हेच उत्तर वापरणाऱ्याला सांगा.' तीनदा दार ठोठावणं त्या दिवसापासून बंद झालं.

स्थिरांकांचं थोडक्यात. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, मूलभूत विद्युतभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि अ‍ॅव्होगाड्रोची संख्या यांची मूल्यं व्याख्येनेच नेमकी ठरलेली आहेत. वैश्विक गुरुत्व स्थिरांक मात्र अजूनही मोजावाच लागतो, ६.६७४३० गुणिले दहाचा उणे अकरावा घात, आणि त्याच्या शेवटच्या दोन अंकांची खात्री देता येत नाही. तरीही त्यावर आधारलेलं उत्तर एजंट बारा-पंधरा अंकांत छापायचा, कारण टूल तेवढे द्यायचं. आता टूलच मोजके सार्थ अंक देतं. 'उत्तर योग्य सार्थ अंकांत द्या' अशी सूचना आधी लिहून पाहिली होती, ती कधी पाळली जाई, कधी नाही.

एव्हाना वर्णनं फुगली होती. प्रत्येक घोळानंतर एक वाक्य वाढत गेलं आणि टूलांची वर्णनं तर प्रत्येक संवादात मॉडेलपुढे ठेवली जातात, प्रश्न चेंडूचा असो वा वायूचा. त्याचा खर्च असतोच, वर गर्दीत महत्त्वाचं वाक्य बुडतं ते वेगळंच. मग कात्री घेऊन बसले. सूत्रांची व्युत्पत्ती गेली, ती मॉडेलला पाठ असते. 'हे शक्तिशाली आणि वापरायला सोपं टूल' छापाचं सगळं गेलं, ते माझंच होतं. जे वाक्य नावात, स्कीमाच्या मर्यादेत किंवा चुकीच्या संदेशात गेलं होतं ते वर्णनातून गेलं. राहिलं ते असं: काय देतं, काय गृहीत धरतं, कुठे वापरायचं नाही आणि तिथे दुसरं कोणतं टूल वापरायचं. 'ऊर्जा' नावाची तीन टूलं होती आणि एजंट त्यांतलं पहिलं उचलायचा. त्यांना स्थितिज, गतिज, स्प्रिंग अशी नावं दिल्यावर तिन्ही वर्णनांतला एकेक परिच्छेद गळून पडला.

तपासणीची पद्धत बदलली ती ४५ अंशांमुळे. पूर्वी आम्ही शेवटचं उत्तर बघायचो. आता आधी नोंदवही उघडतो: कोणतं टूल निवडलं, काय भरलं, काय परत आलं. उत्तर बरोबर येऊनही वाट चुकीची असू शकते. एकदा तर टूलला हातही न लावता मॉडेलने आठवणीतून बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्नही असे निवडतो की चूक झाली तर ती दिसलीच पाहिजे. कोन ३० अंश, ४५ कधीच नाही. तापमान शून्याच्या खाली. वस्तुमान १ किलो अजिबात नाही, कारण १ ने गुणलं काय किंवा गुणायचं राहिलं काय, कळणारच नाही. वेग आणि वेळ यांचे आकडे एकसारखे नाहीत, म्हणजे अदलाबदल झाली तर लपणार नाही. वर्णनातलं नमुना उदाहरणही याच चाळणीतून गेलं. एकच प्रश्न तीन-चार तऱ्हांनी विचारतो, एकदा तरी किलोमीटर प्रति तासात, एकदा तरी अर्धवट माहिती देऊन.

माणसांसाठीचं जुनं पान अजून आहे, आकृत्यांसकट, आणि विद्यार्थी ते वापरतात. त्यातला एक बदल गंमतशीर आहे. एजंटांसाठी लिहिलेलं 'छतावरून फेकल्यास हे वापरू नका' हे वाक्य सरांनी स्वतःहून पानावरही टाकलं. मुलंही तिथेच चुकत होती म्हणे, फक्त त्यांची नोंदवही कुणी वाचत नव्हतं.

एक काम बाकी आहे. वर्तुळाकार गतीच्या टूलमध्ये पॅरामीटरचं नाव अजून 'ओमेगा'च आहे आणि त्याला रेडियन प्रति सेकंद हवेत. मोटर मिनिटाला ३००० फेरे घेते असं प्रश्नात असलं तर तिथे ३१४.१६ जायला हवेत. परवा नोंदवही चाळताना एका कॉलमध्ये तिथे सरळ ३००० दिसले. तो कॉल केंद्राभिमुख त्वरणाचा होता आणि त्यात कोनीय वेगाचा वर्ग येतो, म्हणजे उत्तर साधारण ९१ पट. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फेरे_प्रति_मिनिट कर. आणि हो, नमुन्याला ६० घेऊ नकोस, सेकंदाला बरोबर एक फेरा होतो."